स्वच्छ हवेतलं शून्य

सरफराजच्या वडिलांचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, असं भोरच्या कॉलेजातल्या त्याच्या लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं. हे खोटं नव्हतं. मन्सूरभाईंची स्वतःची गाडी होती, ती रोज रस्त्यावर असे आणि तिच्यातून माल इकडचा तिकडे जात असे. माल कसला, हे कुणी विचारलं नाही आणि सरफराजनेही आपणहून सांगितलं नाही. महामार्गावरच्या ढाब्यांच्या आणि लॉजच्या संडासाच्या टाक्या उपसणारा तो टँकर होता. शिवऱ्यापासून कापूरहोळपर्यंत लोक त्याला मैल्याची गाडी म्हणत, आणि ती समोरून येताना दिसली की नाकाला रुमाल लावत.

आता सरफराज काही वाईट मुलगा नव्हता. बाप दमून आला की त्याचे पाय चेपायचा, आईला, म्हणजे कुलसुमला, दवाखान्यात न्यायचा, धाकट्या अरिबाचं गणित घ्यायचा. फक्त बापाची गाडी आणि आपलं कॉलेज यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढा एक नेम त्याने कसोशीने पाळला होता. सकाळी दोनदा साबण लावून अंघोळ, मनगटावर अत्तराचा थेंब, आणि एसटीची वाट बघत उभं राहायचं ते टँकर ज्या बाजूने येतो तिकडे पाठ करून. हसू नका. आपण प्रत्येक जण कशाकडे तरी पाठ करूनच उभे असतो.

टँकरच्या मागच्या बाजूला पूर्वी लाल रंगात ‘सरफराज - अरिबा’ असं लिहिलेलं होतं. गाडी घेतली त्या वर्षी मन्सूरभाईंनी हौसेने लिहून घेतलं होतं, जसं सगळेच गाडीवाले लिहून घेतात. सरफराज एम. एस्सी. होऊन संशोधनाला लागला त्या पावसाळ्यानंतर गाडी नसरापूरच्या पेंटरकडून रंगून आली, तेव्हा मागे फक्त ‘अरिबा’ होतं आणि त्याखाली फोन नंबर.

“रंग उडाला व्हता समदा,” मन्सूरभाई म्हणाले. “पेंटर म्हणला, नंबर मोठा लिवायचा तर येकच नाव बसंल.”

“म्हंजे गाडी माझ्या नावावर झाली!” अरिबा नाचली. सरफराजही हसला. खरं सांगायचं तर त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. पेंटरला नाव बारीक करता आलं नसतं का, असं त्याच्या मनात आलं, पण विचारायच्या फंदात तो पडला नाही.

गंमत अशी, की हा मुलगा लॅबमध्ये जे बनवत होता ते त्याच टाक्यांसाठी होतं. टाकीत सडक्या अंड्यांसारख्या वासाचा एक वायू साठतो, हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला तर नुसता घाण वास येतो. जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येणंच थांबतं, आणि माणसाला वाटतं हवा सुधारली. मग तो आत वाकतो आणि तिथेच आडवा होतो. सरफराजने लहानपणापासून बापाला टाकीच्या तोंडाशी वाकलेलं पाहिलं होतं, आणि तो संध्याकाळी घरी येईपर्यंत आई दाराशी कशी घुटमळते तेही. विषय निवडताना त्याच्या डोळ्यांसमोर दुसरं काही नव्हतंच. शेफाली मॅडमना मात्र त्याने सांगितलं, की पेपरात एक बातमी वाचली होती.

मॅडम त्याच्या गाइड. पुण्याहून रोज जाऊन-येऊन करायच्या, कामात कडक आणि स्वभावाने मऊ. त्यांच्या हाताखाली सरफराज तापवलेल्या काचेवर कथिलाच्या क्षाराचं पाणी फवारायला शिकला. फवारा धुक्याइतका बारीक हवा, काच ठरलेल्या आचेवर हवी. जरा थंड पडली तर डाग उठतात, जरा जास्त तापली तर थर पापुद्र्यासारखा सुटतो. जमलं, की काचेवर टिन ऑक्साइडचा असा पातळ थर बसतो की काच नुसती धुरकटल्यासारखी दिसते. त्यातले कण इतके लहान, की एका केसाच्या जाडीत हजारो बसतील. त्यावर कॉपर ऑक्साइडचा किंचित शिडकावा. या थरातून वीज एरवी अडखळत जाते. तो घाणेरडा वायू लागला की सुरळीत वाहते. तेवढ्यावरून ओळखायचं.

कित्येक काचा वाया गेल्यावर एक थर असा जमला, की मॅडमनी स्वतः उठून सगळ्यांना चहा पाजला. सरफराजने तो नखाएवढा तुकडा लांब वायरच्या टोकाला बसवला. दुसऱ्या टोकाला जेवणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात बॅटरी, एक भोंगा आणि दोन दिवे. हवा बरी असेल तर हिरवा, विषारी असेल तर लाल.

यंत्राची एकच अट होती. चांगली हवा म्हणजे काय, हे त्याला आपलं आपण कळत नसे. आधी ते मोकळ्या हवेत सुरू करायचं आणि दोन-तीन मिनिटं तसंच धरायचं. त्या हवेला ते शून्य मानायचं, आणि पुढचं सगळं त्या शून्यापासून मोजायचं. सरफराजने अंगणात बापाला आणि त्याचा जुना साथीदार सोनबा याला हे समजावून सांगितलं. सोनबा मन्सूरभाईंपेक्षाही वयाने मोठा, पंचवीस वर्षं पाइप ओढून हात लोखंड झालेला.

“म्हंजे नव्या सुनंवानी हाय म्हण की,” सोनबा म्हणाला. “म्हायेर ठावं असंल तरच सासर कसं हाय ते तिला कळायचं.”

“अगदी तसंच, सोनबाकाका.”

मन्सूरभाई हसता हसता थांबले. दोन्ही हात लुंगीला पुसून त्यांनी तो डबा अलगद उचलला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि कुलसुमला हाक मारली. “अगं, बघ तरी. ह्ये आपल्या सरफराजनं माझ्यासाटनं केलंय.”

यंत्र खऱ्या टाकीवर तपासायचं ठरलं, तेव्हा मॅडमनी विचारलं, कुठे करणार?

“रविवारी शिवऱ्याला, मॅडम, गोरखच्या ढाब्यावर. ओळखीचे एक टँकरवाले आहेत.”

“मी येते बघायला.”

“नको मॅडम, फार वास असतो,” सरफराज घाईघाईने म्हणाला. मॅडम हसल्या आणि विषय तिथेच राहिला. ओळखीचे एक टँकरवाले! हे शब्द त्याच्या तोंडून इतके सहज निघाले, की घरी जाईपर्यंत ते त्याला टोचलेसुद्धा नाहीत. रात्री बाप शेजारी बसून जेवायला लागला तेव्हा टोचले. पण बोललेलं काही परत घेता येत नाही, आणि त्याने घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

रविवारी सकाळी गोरखच्या ढाब्याची टाकी उपसायची होती. ढाबा महामार्गाला लागूनच. पुढे गाड्या लावायचं मोकळं मैदान, मागच्या कोपऱ्यात टाकी. टँकर त्या दोहोंच्या मधे आडवा लागला. मन्सूरभाई बनियन, अर्धी चड्डी आणि गमबूट घालून पाइप जोडत होते. सोनबाने टाकीवरचं झाकण सरकवून ठेवलं होतं. सरफराज डबा घेऊन पुढच्या मैदानात आला. शेतांवरून छान वारा येत होता. शून्य घ्यायला याहून चांगली जागा नव्हती.

त्याचा अंगठा बटणावर असतानाच एक पांढरी गाडी मैदानात वळली. दारं उघडली, आणि धुळीने भरलेले बूट घातलेली मंडळी उतरली. पुढे शेफाली मॅडम, मागे लॅबमधला सोमनाथ आणि आणखी दोघं. पाली दरवाजाने राजगड करून पुण्याकडे निघाले होते, आणि वाटेत सरफराजला चकित करायचा बेत होता.

“सरफराज इथेच कुठेतरी असेल,” मॅडम म्हणत होत्या. “आधी मिसळ सांगा, मग शोधू त्याला.”

सरफराजने अंगठा बटणावरून काढला. इथे उभा राहिलो तर मॅडम आत्ता इकडे येतील. मागून अब्बा येतील, त्या अवतारात, हात पुसत, आणि म्हणतील, ‘झालं का रं, बाळा?’ बस्स. एवढ्या एका वाक्यात सगळं उघडं पडेल. सोमनाथ काही बोलणार नाही, पण उद्या लॅबमध्ये खुर्ची जरा लांब सरकवेल. हे सगळं सरफराजने तिथल्या तिथे स्वतःच रचलं. सोमनाथ बिचारा मिसळीला पाव किती सांगायचे हे मोजत होता.

सरफराज टँकरच्या मागे गेला. टँकर आणि टाकी यांच्यामधल्या त्या बोळात, उघड्या झाकणापासून हातभर अंतरावर उभा राहिला आणि त्याने बटण दाबलं.

यंत्र बिचारं प्रामाणिक. समोर आली ती हवा त्याने चांगली म्हणून मानली, तिलाच शून्य धरलं आणि हिरवा दिवा लावला.

पंप सुरू झाला. टाकी अर्ध्यापर्यंत उतरली आणि पाइप गचकन थांबला. ढाब्यावाल्यांनी फडकी टाकलेली असणार, नेहमीचंच. आतल्या लोखंडी शिडीवर दोन-तीन पायऱ्या उतरून हाताने बोळा काढावा लागणार होता. अशा वेळी मन्सूरभाईंची एक रीत होती. झाकण सताड उघडं ठेवून ते ढाब्यावर जाऊन बसत, सावकाश चहा पीत, बिडी ओढत, गोरखशी पावसापाण्याच्या गप्पा मारत. चांगला तासभर गेला की मगच शिडीकडे वळत. तोवर गोरख कितीही कातावला तरी ते हलत नसत.

“सरफराज, सोड बरं तुझं यंत्र आत,” ते म्हणाले.

सरफराजने वायर आत सोडली. आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच वाईट होती, पण यंत्राची सुरुवातच वाईटापासून झालेली. त्याला ती फारशी वेगळी वाटली नाही, आणि फारशा वेगळ्या नसलेल्या हवेला ते ओरडत नसे.

“काय म्हणतंय?”

इथे सरफराजला विसर पडला असता तर मी त्याला माफ केलं असतं. विसर पडला नव्हता. शून्य चुकलंय, हे त्याला कळत होतं. डबा बंद करून, मैदानात जाऊन, वाऱ्यात उभं राहून पुन्हा सुरू करायला हवा होता. पण मैदानात मॅडम होत्या. त्यांच्यासमोर दोन-तीन मिनिटं डबा हातात धरून उभं राहायचं, आणि मागून बाप हाक मारणार. आज वारा आहे, झाकण केव्हाचं उघडं आहे, इतका काही फरक पडायचा नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली.

“हिरवा आहे, अब्बा,” तो म्हणाला. आणि ‘अब्बा’ हा शब्द टँकरच्या पलीकडे जाऊ नये म्हणून त्याने आवाज बारीक केला.

मन्सूरभाईंचा चेहरा उजळला. “सोनबा, आज च्या ऱ्हाऊ दे. पोराचं यंत्र हिरवं हाय.”

“यंत्र यंत्राच्या जागी,” सोनबा म्हणाला आणि त्याने नेहमीसारखा मन्सूरभाईंच्या कमरेला दोर बांधला. मन्सूरभाईंनी हसत बांधू दिला.

ते दोन पायऱ्या उतरले, तिसऱ्यावर पाय ठेवला, बोळ्यासाठी हात लांब केला. ओरडले नाहीत, काही नाही. नुसती मान कलली, आणि माणूस पोत्यासारखा दोरावर लटकला.

“मन्सूरभाई!” सोनबाची आरोळी महामार्गावर गेली असेल. सरफराजच्या हातातून डबा पडला. तो दोराला कधी झोंबला ते त्याचं त्याला कळलं नाही. गोरख धावत आला, सोमनाथ आला, आणखी कुणी कुणी आले. दोर हाताला कापत होता, आणि सरफराजच्या डोक्यात फक्त एकच गोष्ट घुमत होती: मी हिरवा म्हणालो. मी हिरवा म्हणालो. मन्सूरभाईंना ओढून बाहेर काढलं तेव्हा त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. बाजूला चिखलात डबा पडलेला होता. त्यातला दिवा अजूनही हिरवाच होता.

“गाडीत घ्या! आमच्या गाडीत घ्या!” मॅडम ओरडल्या. त्यांनी मागच्या सीटवर बसून मन्सूरभाईंचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. सगळं अंग मैल्याने माखलेलं. मॅडमनी नाकाला ओढणी लावली नाही. सरफराज पायांशी अवघडून बसला. सोनबा खिडकीशी आला, मॅडमना काही सांगायला त्याने तोंड उघडलं, मग सरफराजकडे पाहिलं आणि मिटलं. गाडी निघाली.

“सरफराज, तुझ्या ओळखीचे ना हे? घरी कोण असतं यांच्या?”

“मी... कळवतो, मॅडम.”

“शून्य नीट घेतलं होतंस ना?”

“हो,” सरफराज म्हणाला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणायची रीत आहे. सरफराजला तेवढंही म्हणवेना. मांडीवर बापाचं डोकं धरून बसलेली बाई परकी होती, आणि तो, त्या बापाचा मुलगा, परक्यासारखा पायांशी बसला होता. त्याने एक हात पुढे करून बापाच्या गमबुटावर ठेवला. मॅडम बघत नाहीत अशी आधी खात्री करून ठेवला. त्या क्षणीही करून घेतलेली ती खात्री त्याला पुढे जन्मभर पुरणार होती.

महामार्गावरच्या दवाखान्यात ऑक्सिजन लागला. डॉक्टर म्हणाले, दोर होता म्हणून वाचले. आणखी थोडा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं. सोमनाथ आणि बाकीचे बाहेर बाकावर बसले. दुपार कलायला लागली तेव्हा मन्सूरभाईंनी डोळे उघडले.

त्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग मॅडमकडे, मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सरफराजकडे. तो एक पाऊल पुढे आला.

“काका, आता बरं वाटतंय का?” मॅडमनी विचारलं. “तुमच्या घरचा नंबर सांगा. घरी कोण असतं?”

मन्सूरभाईंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. त्यांची नजर पुन्हा एकदा सरफराजवर गेली, त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर, मॅडमच्या शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या त्या शिकलेल्या चेहऱ्यावर. मग त्यांनी ती हटवली.

“घरी मालकीण असती. तिला कशाला घोर? सोनबा सांगंल सांच्याला,” ते म्हणाले. प्रत्येक शब्दाला धाप लागत होती. “तुमी मॅडम ना? ह्या सायबांच्या? मग येक ध्यानात घ्या. सायबांची काय चूक न्हाई. यंत्रबी चांगलं हाय. सायेब मला थांबा म्हणलं व्हतं. म्याच घाई केली.”

साहेब. सरफराजला कुणी मुस्काटात मारली असती तर इतकं लागलं नसतं. बापाने आयुष्यात त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं, आणि आज केलं ते किती सराईतपणे! जणू मनातल्या मनात कितीतरी वेळा घोकून ठेवलं होतं, कधी वेळ आलीच तर असं म्हणायचं.

“मग दोष यंत्राचा नाही तर,” मॅडम सुटकेने म्हणाल्या. “सरफराज, ऐकलंस ना?”

सुटायला एवढी वाट पुरेशी होती. बापाने स्वतः मोकळी करून दिली होती. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. सकाळपासून ते त्याला चांगलं जमतही होतं.

“मॅडम, ते खोटं बोलतायत,” सरफराज म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की दारातली नर्स वळली. “मी थांबा म्हणालो नव्हतो. मी हिरवा म्हणालो. शून्य मी टाकीच्या तोंडाशी घेतलं होतं, आणि ते चुकलंय हे मला माहीत होतं. मैदानात तुम्ही होतात. तुम्हाला दिसू नये म्हणून... हे माझे वडील आहेत, मॅडम. तुम्हाला ते दिसू नयेत म्हणून मी तिकडे लपलो.”

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं एकदा मन्सूरभाईंकडे पाहिलं, एकदा सरफराजकडे, आणि मग स्वतःच खाली बघितलं. मघापासून काका म्हणून ज्याला धीर दिला, तो माणूस आपल्या विद्यार्थ्याचा बाप होता आणि गाडीतून येताना सगळ्या वाटेत त्या मुलाने ते सांगितलं नव्हतं, हे समजायला त्यांना वेळ लागत असावा. शेवटी त्या उठल्या, सरफराजच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि बाहेर गेल्या.

सरफराज खाटेशी खाली बसला. आता बाप चिडेल, नाहीतर रडेल, नाहीतर डोक्यावर हात ठेवेल, काहीही करेल, असं त्याला वाटत होतं. मन्सूरभाईंच्या चेहऱ्यावर यातलं काही नव्हतं. हाती घेतलेलं काम दुसऱ्याने बिघडवलं की माणूस हिरमुसतो, तसे ते हिरमुसले होते.

“कशाला रं सांगितलंस?” ते म्हणाले. “म्या बोललो व्हतो की समदं बराबर. मग गाडीवरचं नाव पुसलं, ते कशापायी पुसलं म्या?”

सरफराजने मास्क उचलून बापाच्या नाकातोंडावर नीट बसवला आणि रबर कानामागे अडकवलं. बापाच्या केसांना टाकीचा वास येत होता. तो तसाच वाकून राहिला, नर्सने दोनदा बाजूला व्हायला सांगेपर्यंत.